मुलीचा बँड, दोन राज्यं आणि दोन उन्हाळे

ऑगस्टमधली सकाळ, सात वाजलेत, डॅलसच्या उत्तरेकडचं एक उपनगर. शाळेच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या रंगाने फुटबॉलच्या मैदानाच्या रेघा आखल्यात आणि त्यांवर दोनशेच्या वर मुलं उभी आहेत. प्रत्येकाच्या जवळ गॅलनभर पाण्याचा जग, गळ्यात दोरीने अडकवलेली छोटी वही. स्पीकरवर मेट्रोनोमची टकटक चालू आहे. उंच टॉवरवरून बँड डायरेक्टर ओरडतात, "रीसेट!" आणि सगळी मुलं पळत आपापल्या जागी परततात. पुन्हा तीच आठ पावलं. त्या गर्दीत माझी लेक क्लॅरिनेट घेऊन उभी होती, नववीत नुकतीच गेलेली. मी सांगलीची. शाळेत 15 ऑगस्टला वाजणाऱ्या बँडपलीकडे मला यातलं काही माहीत नव्हतं.

पुढच्या सहा वर्षांत आम्ही टेक्सास पाहिलं, न्यू जर्सी पाहिलं आणि शेवटी लेकीने दोन उन्हाळे ड्रम कोअर नावाच्या फिरत्या उन्हाळी बँडमध्ये काढले. अमेरिकेत नव्याने आलेले, मुलांना बँडमध्ये घालू पाहणारे बरेच आईवडील मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बँड चांगला आहे का?" यावर माझा उलट प्रश्न असतो, कुठल्या राज्यात? मार्चिंग बँड, म्हणजे मैदानावर चालत, चित्रं रचत वाजवणारा बँड, हे नाव सगळीकडे एकच आहे, पण सराव किती, मुलाला प्रवेश कसा मिळतो, गुण कसे देतात, खर्च कोण करतं, हे राज्य बदललं की बदलतं.

आधी ती वही. तिला म्हणतात डॉट बुक. शोमधल्या प्रत्येक चित्रात आपण नेमकं कुठे उभं राहायचं ते त्यात लिहिलेलं असतं: "साइड वन, 40 च्या रेघेबाहेर दोन पावलं, पुढच्या हॅशच्या मागे चार." एका शोमध्ये असे पन्नास-साठ-सत्तर डॉट. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचाचं. लेकीने आमच्या हॉलमध्ये मास्किंग टेपने साडेबावीस इंचांवर खुणा केल्या होत्या आणि रोज रात्री जेवणानंतर ती त्यांवरून पुढे-मागे चालायची. मागे जाताना टाचा वर, चवड्यांवर, नजर समोर. हे मात्र देशभर जवळपास सारखंच आहे. ज्या मुलाचं पाऊल पक्कं झालं, ते कुठल्याही राज्यात उभं राहू शकतं.

टेक्सासात बँड हा शाळेचा विषय आहे. सहावीत मूल वाद्य निवडतं आणि त्या त्या वाद्याचे वेगळे वर्ग असतात: क्लॅरिनेटवाले एका तासाला, ट्रम्पेटवाले दुसऱ्या. नववीपर्यंत मुलाच्या हातात तीन वर्षांची रोजची तालीम जमा होते. म्हणून पुण्याहून थेट नववीत आलेल्या, वाद्य कधी न धरलेल्या मुलाला तिथल्या मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेट किंवा बासरीवर जागा मिळणं फार अवघड. अशा मुलांनी कलर गार्डचा विचार जरूर करावा. झेंडे, नकली रायफली, नृत्य हे बहुतेक मुलं हायस्कूलमध्येच शिकायला लागतात, त्यामुळे तिथे नवशिक्याला जागा असते. पियानो येत असेल तर मैदानाच्या पुढे मरिंबा-व्हायब्राफोन वाजवणाऱ्या पिटमध्ये विचारा. ढोल-ताशा पथकात ताशा वाजवलेल्या मुलांचे हात चांगले चालतात, पण स्नेअर ड्रमच्या रांगेत सगळ्यांची काठी एकाच उंचीवर उचलली जावी लागते, तिथे पथकातली मोकळीक विसरावी लागते.

मराठी पालकांना वाटणारी अभ्यासाची काळजी टेक्सासात कायद्यानेच थोडी हलकी केली आहे. 1984 पासून "नो पास, नो प्ले" आहे: विषयात 70 पेक्षा कमी गुण पडले की मूल स्पर्धेतून काही आठवडे बाहेर. शिवाय शाळेच्या वेळेबाहेरचा सराव शाळा सुरू झाल्यावर आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. आठ तास कमी वाटतात, पण बँडचा रोजचा तास आणि शुक्रवारचा फुटबॉल सामना त्यात धरलेला नाही.

आणि तिथला निकाल. शाळांची यूआयएल नावाची राज्य संघटना आहे. तिच्या पहिल्या फेरीत गुण नाहीत, श्रेणी मिळते. पहिली श्रेणी मिळाली तरच बँड एरिया फेरीला पात्र होऊ शकतो आणि तिथून राज्य फेरी, सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये. वरच्या फेऱ्यांत पाच परीक्षक, तीन संगीताचे आणि दोन मार्चिंगचे, आणि ते बँडांना क्रम देतात. त्यामुळे "किती मार्क पडले?" या प्रश्नाला लेकीकडे उत्तर नसायचं. मी तो प्रश्न वर्षभर विचारत राहिले. बिचारी दर वेळी समजावून सांगायची.

2019 च्या उन्हाळ्यात नवऱ्याची नोकरी न्यू जर्सीला गेली. लेक अकरावीत. नव्या शाळेतला बँड 56 मुलांचा. सराव आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शनिवारी. पहिल्या दिवशी घरी येऊन तिने क्लॅरिनेटची पेटी कोपऱ्यात ठेवली आणि काही बोलली नाही. मीही मनात म्हटलं, उतरलो आपण. तो माझा मोठा गैरसमज होता.

ईशान्येकडे अनेक शाळांत मार्चिंग बँड हा वर्गाबाहेरचा उपक्रम असतो. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनाही एकाहून जास्त, आणि काही संघटनांत गट पाडताना शाळा किती मोठी आहे हे न पाहता मैदानावर किती मुलं आहेत ते पाहतात. 56 मुलांचा बँड साधारण 56 मुलांच्याच बँडशी लढतो. दोनशेच्या रांगेत एक क्लॅरिनेट चुकली तर झाकून जाते. इथे लेक सात क्लॅरिनेटांपैकी एक होती आणि तिचा श्वास चुकला तरी कळायचं. त्या एका वर्षात ती जितकी धीट झाली तितकी आधीच्या दोन वर्षांत झाली नव्हती. आणि नवशिक्यांना तिथे खरंच हात धरून आत घेतलं. बारावीतला एक गुजराती मुलगा त्या वर्षी पहिल्यांदा झांजा वाजवायला लागला होता.

एक सूचना मात्र कळकळीने. वेगवेगळ्या संघटनांचे गुण शेजारी ठेवू नका. एकीकडचे 95 आणि दुसरीकडचे 85 यांवरून कुठला बँड सरस हे ठरत नाही. फूटपट्टीच वेगळी आहे. तुलना करायचीच असेल तर बँड्स ऑफ अमेरिकाच्या स्पर्धा पाहा. तिथे देशभरातले बँड एकाच नियमाखाली येतात आणि नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये त्यांची राष्ट्रीय स्पर्धा, ग्रँड नॅशनल्स, होते.

इंडियाना हे या सगळ्याचं माहेरघर म्हणावं असं राज्य. कार्मेल आणि एव्हन या इंडियानापोलिसच्या उपनगरांतल्या शाळांनी ग्रँड नॅशनल्स अनेकदा जिंकली आहेत. पण त्याच राज्यात छोट्या गावांचे बँड ऑगस्टमध्ये स्टेट फेअरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर उतरतात, मैदानावर नाही, मातीच्या लांबट पट्टीवर. कॅलिफोर्नियात रस्त्यावरून संचलन करण्याच्या स्पर्धांची जुनी परंपरा आहे. दक्षिणेत, अटलांटा, मिसिसिपी, लुइझियाना भागात, कृष्णवर्णीय विद्यापीठांची शैली अनेक हायस्कुलांत उतरली आहे: गुडघे उंच उचलणारी चाल, नाच, दणदणीत पितळी आवाज आणि समोरासमोर बँड उभे करून होणारी लढत. अशाच एका विद्यापीठाचा, फ्लोरिडा ए अँड एमचा, मार्चिंग 100 हा बँड 1989 साली पॅरिसला फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या संचलनात गेला होता. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर त्याला डॉट आणि साडेबावीस इंचांच्या चष्म्यातून पाहू नका. तिथे प्रेक्षकांना उभं करणं हीच परीक्षा आहे.

आता ड्रम कोअर. इंग्रजीत लिहितात कॉर्प्स, म्हणतात कोअर. हा शाळेचा नाही, स्वतंत्र संस्थांचा उन्हाळी उपक्रम. फक्त पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन नाहीत. वयाची मर्यादा बावीसच्या आसपास. याचं मूळ ईशान्य आणि मध्यपश्चिमेतल्या माजी सैनिकांच्या संघटना आणि कॅथलिक चर्चेस यांत आहे. कॅडेट्स हा कोअर 1934 साली न्यू जर्सीच्या गारफील्डमधल्या चर्चमधून निघाला आणि 2024 मध्ये बंद पडला. एकेकाळी गावोगावी कोअर होते. 1972 मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल स्थापन झाली, दौरे देशभर पसरले, खर्च वाढले आणि छोटे कोअर विझत गेले. याच काळात कॅलिफोर्नियातल्या काँकर्डचा ब्लू डेव्हिल्स वर आला. त्याची विजेतेपदं वीसच्या पुढे आहेत. गंमत टेक्सासची आहे: तिथली मुलं जवळजवळ प्रत्येक मोठ्या कोअरमध्ये सापडतील, पण आजवर टेक्सासच्या एकाही कोअरने वर्ल्ड क्लासचं, म्हणजे सर्वांत वरच्या गटाचं, विजेतेपद मिळवलेलं नाही. मला वाटतं शाळांचे बँडच तिथे इतके भरभक्कम आहेत की गावाचा कोअर उभा करण्याची कुणाला निकड वाटली नसावी. म्हणून "जवळचा कोअर" शोधत बसू नका. मुलं विमानाने कॅम्पला जातात.

2020 चा सीझन पूर्ण रद्द झाला. त्या घरबसल्या वर्षात लेकीने मेलोफोन हे पितळी वाद्य उचललं, कारण क्लॅरिनेटला कोअरमध्ये जागा नाही. पहिल्या ऑडिशनला नकार आला. ओठांची ताकद कमी पडत होती. पुढच्या वर्षी मध्यपश्चिमेतल्या एका कोअरने घेतलं. ऑडिशनचे कॅम्प नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होतात, हे लक्षात ठेवा. मेमध्ये चौकशी करणारे पालक मला दर वर्षी भेटतात.

खर्चाचं स्पष्ट बोलू. वरच्या फळीतल्या कोअरची उन्हाळ्याची फी पाच हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहून जास्त असते, प्रवास वेगळा. शाळेच्या बँडची फी काही ठिकाणी दोन-तीनशे, काही ठिकाणी हजाराच्या वर. बूस्टर क्लबला, म्हणजे बँडसाठी निधी गोळा करणाऱ्या पालकांच्या मंडळाला, "हप्ते पाडता येतील का, मदत निधी आहे का" हे सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आम्हीही हप्ते पाडले होते, आणि लेकीने शिकवण्या घेऊन निम्मी फी स्वतः भरली.

कोअरमध्ये मुलं शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, रात्री बसमध्ये. दिवसाला चार वेळा जेवण मिळतं. शाकाहारी असल्याचं फॉर्मवर लिहा आणि स्वयंपाकाच्या ट्रकवर पहिल्याच दिवशी तोंडी सांगायला लावा. एअर मॅट्रेस एकेरी घ्या, दुहेरी चालत नाही. बुटांचे दोन जोड, सनस्क्रीन भरपूर, मोजे वाटतात त्याच्या दुप्पट. मी लेकीबरोबर पोह्यांच्या चिवड्याचा दोन किलोचा डबा दिला होता. तिसऱ्या रात्री मेसेज आला: "संपला. मेलोफोनच्या सगळ्या रांगेने खाल्ला. जुलैमध्ये सॅन अँटोनिओला येशील तेव्हा दोन डबे आण, आणि त्यातल्या एकात शेंगदाणे घालू नकोस, एकाला चालत नाहीत."