घरामागचा गोल्फ कोर्स सुकायला लागला तर

तासगावकडे द्राक्षबाग सोडून देणं म्हणजे काय, ते मी लहानपणी पाहिलंय. बाग कुणी एका दिवसात सोडत नाही. आधी एक फवारणी चुकते, मग खताचं पुढे ढकललं जातं, मग पाण्याची पाळी लांबते. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाग हिरवीच दिसत असते, पण बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याला दोन महिने आधी कळलेलं असतं.

अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्सजवळ आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे गोल्फ कोर्सच्या सातव्या होलचा फेअरवे, म्हणजे लांब हिरवळीचा पट्टा, होता. पहाटे साडेचारला स्प्रिंकलर सुरू व्हायचे आणि त्यांच्या चक-चक आवाजाने मला जाग यायची. सहा वर्षांनी तो आवाज एक दिवसाआड यायला लागला, नंतर आठवड्यातून दोनदा. शेतकऱ्याची मुलगी असून मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण त्या जमिनीकडे मी कुणाचं तरी पीक म्हणून कधी बघितलंच नव्हतं. मे महिन्यात फाटकाला साखळी लागली. पुढची साडेतीन वर्षं मी रहिवाशांच्या समितीत काम केलं. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच: "ताई, गोल्फ कोर्सला लागून घर मिळतंय, घेऊ का?" नाहीतर, "आमचा बंद होतोय, काय करू?" त्या सगळ्यांसाठी हे एकदा नीट लिहून ठेवते. मी वकील नाही, आणि कायदा राज्याराज्यात बदलतो, हे मनात धरूनच वाचा.

आधी हे कोर्स का बुडतात, ते समजून घ्या. १९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकेत पुष्कळ कोर्स बांधले गेले ते घरं विकण्यासाठी. गवताला लागून असलेल्या प्लॉटला जास्त भाव मिळतो म्हणून बिल्डरने अठरा होल काढले, घरं विकली, आणि कोर्स दुसऱ्याच्या गळ्यात घालून तो निघून गेला. त्या कोर्सने स्वतःच्या कमाईवर जगावं असा हिशेब बऱ्याच ठिकाणी झालाच नव्हता. २००५ च्या सुमारास देशात सोळा हजारांवर गोल्फच्या जागा होत्या. २००६ पासून दरवर्षी उघडण्यापेक्षा बंद होणारे जास्त. २०१८ या एका वर्षात, अठरा होलचा एक कोर्स धरून, दोनशेच्या आसपास बंद झाले आणि नवे जेमतेम डझनभर उघडले. कोविडनंतर खेळणारे परत आले हे खरं, पण जमिनीचे भावही चढले. त्यामुळे आता बरा चाललेला कोर्ससुद्धा घरांसाठी विकला जातो. "गर्दी तर असते की" यावर विसंबू नका.

घर घ्यायच्या आधी

घर बघायला जाल तेव्हा एजंटला गाडीत थांबू द्या आणि पहिल्या होलपासून चालत जा. ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचं, गवत साधारण तीन मिलिमीटरवर कापलेलं असतं, म्हणून दुर्लक्ष सगळ्यात आधी तिथे दिसतं. ग्रीनच्या कडेला टकलासारखे चट्टे पडलेत का, बंकरच्या, म्हणजे मुद्दाम केलेल्या वाळूच्या खड्ड्यांच्या, वाळूत तण उगवलंय का, वाळूखालची माती वर आलीय का, ते बघा. तळ्याच्या पाण्याची रेघ काठापासून किती खाली गेलीय तेही बघा. आमच्याकडे अॅरिझोनात ऑक्टोबरच्या आसपास बर्म्युडा गवत खरवडून वर रायगवताचं बी टाकतात, म्हणजे थंडीत कोर्स हिरवा राहतो. त्या वर्षी फक्त टीवर (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) आणि ग्रीनवर बी पडलं आणि फेअरवे पिवळे राहिले, तर विचारा. पाणी वाचवायला कुणी मुद्दाम असं करत असेल तर ते चांगलंच आहे, पण तसं असेल तर ते लोक अभिमानाने सांगतात. पैसे नसले की उत्तर लांबतं.

मग प्रो-शॉपमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या दुकानात, जाऊन तीन गोष्टी विचारा. सुपरिंटेंडेंट, म्हणजे गवताची जबाबदारी असलेला माणूस, किती वर्षांपासून आहे? पाण्याची पाइपलाइन शेवटची कधी बदलली? वर्षाला किती फेऱ्या (एका माणसाचा एक खेळ म्हणजे एक फेरी) खेळल्या जातात? पाइपलाइनला वीस-पंचवीस वर्षं झाली असतील तर पुढचा खर्च लाखो डॉलरचा आहे. फेऱ्यांवरून घरी येऊन हिशेब करा. समजा वर्षाला ३०,००० फेऱ्या आणि सवलती धरून माणशी सरासरी ३५ डॉलर पडतात, तर झाले साडेदहा लाख. त्यातून पाणी, पगार, यंत्रांचे हप्ते, खत, विमा, कर. पाइपलाइनसाठी बाजूला काय पडणार, ते तुम्हीच बघा. "आत्ता पाच वर्षांचे पैसे भरा, निम्म्यात देतो" अशी जाहिरात दिसली, तर पगाराला पैसे कमी पडताहेत असं मी समजते. आमच्याकडे ती जाहिरात बंद होण्याआधी चार महिने लागली होती. पैसे भरणारे बहुतेक निवृत्त लोक होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद. काउंटी रेकॉर्डरच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्याच्या, दप्तरात मालकाच्या नावाने शोधा. बऱ्याच काउंटींत हे घरबसल्या होतं. खत पुरवणाऱ्याने किंवा पंप दुरुस्त करणाऱ्याने थकबाकीपोटी जमिनीवर बोजा चढवलाय का, मालमत्ताकर थकलाय का, हे उघड्यावर असतं. त्यानंतर वसाहतीचे मूळ निर्बंध शोधा, ज्यांना इथे सगळे सीसीअँडआर म्हणतात. "गोल्फ कोर्सचा देखावा" हे शब्द विक्रीच्या माहितीपत्रकात असून भागत नाही. ही जमीन गोल्फसाठीच वापरली जाईल असं नोंदवलेल्या कागदात आहे का, किती वर्षांसाठी आहे, आणि किती घरांच्या सहीने ते बदलता येतं, हे तीन मुद्दे बघा. आमचा कागद १९८५ सालचा, टाइपरायटरवर उठवलेला, ३१ पानांचा. १९ व्या पानावर तळाशी एकच वाक्य होतं: मुदत संपल्यावर दर दहा वर्षांनी आपोआप नूतनीकरण, बहुसंख्य घरांनी लेखी नकार दिला नाही तर. स्कॅनमध्ये ती ओळ अर्धी कापली गेली होती. मी मूळ प्रत काढवून घेतली तेव्हा ती पुरी वाचता आली, आणि आमची सगळी लढाई त्या ओळीवर उभी राहिली.

असा कागद नसेल तरी लगेच हात टेकू नका. फिनिक्सजवळच्या टेंपीतल्या शालिमार कोर्सच्या दाव्यात अॅरिझोनाच्या अपील न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल दिला की घरं विकताना गोल्फचं आश्वासन दिलं असेल, तर नोंद नसली तरी ते बंधन नव्या मालकावरही लागू होऊ शकतं. म्हणून जुनी माहितीपत्रकं, नकाशे, जाहिराती जपून ठेवा. शेजारच्या म्हाताऱ्या मंडळींच्या माळ्यावर ते सगळं असतं.

बंद झाल्यावर

पहिल्या आठवड्यात फोटो काढा, तारखेसकट, रोज एकाच जागेवरून. नंतर मालक म्हणतो की जमीन आधीपासूनच पडीक होती.

सदस्य असाल तर बँकेतून आपोआप जाणारे पैसे थांबवा. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डावर भरली असेल, तर स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीला लेखी तक्रार करा. फोनवर बोलून थांबू नका. क्लब दिवाळखोरीत गेला तर न्यायालय दावे दाखल करायची शेवटची तारीख ठरवतं. ती चुकली की परताव्याची अनामत बहुधा गेलीच. तसेही सदस्य रांगेत बँकेच्या मागे उभे असतात.

लगोलग शहराच्या कार्यालयात पावसाच्या पाण्याबद्दल विचारा. वसाहतीतलं पाणी बहुतेक वेळा कोर्सच्या तळ्यांत आणि चरांत उतरतं. तो निचरा कुणाच्या जबाबदारीवर आहे, हे लेखी घ्या. आमच्याकडे पंप थांबला आणि जूनमध्ये तळं आटलं. हातभर लांबीचे मासे चिखलात तोंड उघडून पडले होते. शेजारची मुलं बादल्या घेऊन उतरली, पण त्यांना सोडायला दुसरं पाणीच नव्हतं. आठवड्याने डास आले. जुलैत पावसाळी वादळ आलं तेव्हा तण आणि गाळाने चर तुंबला आणि खालच्या रांगेतल्या चार घरांच्या गॅरेजमध्ये पाणी शिरलं. शहराकडे तक्रार गेली ती या पाण्याची आणि वाळलेल्या गवताच्या आगीच्या भीतीची. देखाव्याच्या तक्रारीवर कुणी हललं नव्हतं.

आणि दारात कुणी कागद घेऊन आलं तर सही करू नका. हे मी हात जोडून सांगते. निर्बंध बदलायला घरमालकांच्या सह्या लागतात, म्हणून विकासक माणसं पाठवतो. माझ्या शेजारच्या बाई ८१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना नवी भिंत बांधून देतो म्हणून सांगितलं आणि त्यांनी उंबऱ्यातच सही केली. ती मागे घ्यायला चार पत्रं लागली आणि एका वकिलाचे पैसे. सह्यांचं बळ किती असतं ते फिनिक्सच्या आवाटुकी लेक्स कोर्सवर दिसलं. २०१३ मध्ये तो बंद झाला, नव्या मालकाला तिथे घरं बांधायची होती, पण पुरेशा सह्या मिळाल्या नाहीत. रहिवाशांपैकी दोघी न्यायालयात गेल्या. २०१८ मध्ये आदेश झाला की तिथे गोल्फ परत आणा, आणि अपिलातही तो टिकला.

सगळीकडे असं होत नाही. लास वेगासच्या बॅडलँड्स कोर्सच्या २५० एकरांवर शहराने बांधकाम अडवलं, तेव्हा नेव्हाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यातल्या ३५ एकरांपोटी शहरानेच मालकाला ४.८ कोटी डॉलर द्यावेत हा निकाल कायम केला. कॅलिफोर्नियातल्या एस्कंडिडोत २०१३ मध्ये कोर्स बंद झाल्यावर वाद इतका विकोपाला गेला की मालकाने मैदानावर कोंबडीखत पसरवलं आणि अख्खी वसाहत दुर्गंधीने हैराण झाली. शेवटी तिथे ३८० घरांना मंजुरी मिळाली. म्हणून कागद पक्का नसेल तर लवकर बोलणी करा. किती अंतर मोकळं सोडणार, घरं किती मजली, निचरा कोण बांधणार, हे मागा आणि नोंदवून घ्या.

जमीन विकत घेणारा सापडला तर उत्तमच. ओहायोत अकेशिया क्लबची १५५ एकर जमीन २०१२ मध्ये कॉन्झर्वेशन फंड या संस्थेने १.४७५ कोटी डॉलरला घेतली आणि क्लीव्हलँडच्या उद्यान विभागाला दिली. कॅलिफोर्नियात गोलेटाचा ओशन मेडोज कोर्स २०१३ मध्ये ट्रस्ट फॉर पब्लिक लँडने घेतला आणि सांता बार्बरा विद्यापीठाने तिथे पूर्वीची पाणथळ जागा पुन्हा उभी केली. अशा संस्थांना पत्र लिहायला पैसे पडत नाहीत. बंद झाल्यावर पहिल्या महिन्यातच लिहा. जमीन कुणीही घेवो, माती तपासल्याशिवाय मुलांना तिथे खेळू देऊ नका. एमएसएमए हे आर्सेनिक असलेलं तणनाशक कोर्सवर सर्रास वापरलं गेलंय, आणि जुन्या ग्रीनवर पाऱ्याची बुरशीनाशकंही पडायची. नमुने ग्रीन, टी आणि औषधं कालवायच्या शेडजवळून घ्यायला सांगा.

वसाहतीने स्वतः कोर्स घ्यावा का? आम्ही ताळेबंद मांडला आणि नको म्हटलं. फक्त तळी, चर आणि झाडांची पट्टी घेतली. दर घराला महिन्याला ३८ डॉलर पडतात. नऊ होल ठेवून बाकीच्या जमिनीवर घरं बांधायची तडजोडही काही ठिकाणी होते, पण नऊ होलचा खर्च कुणी उचलायचा हे त्याच कागदात असलं पाहिजे.

या सगळ्याला वर्षं लागतात आणि तोवर झाडं थांबत नाहीत. गवत गेलं तर परत लावता येतं. चाळीस वर्षांचं मेस्किटचं झाड येत नाही. स्प्रिंकलरच्या पाण्यावर वाढलेल्या झाडांची मुळं वरच असतात, ती पहिल्याच उन्हाळ्यात जातात. मालकाची लेखी परवानगी घ्या, कारण जमीन खासगी आहे, आणि टँकर सांगा. आम्ही बावीस घरांनी वर्गणी काढली. पाणी खोडाशी ओतू नका. फांद्यांची सावली जिथे संपते तिथे गोल आळं करा आणि पंधरा दिवसांतून एकदा सावकाश भरा, दोन फूट माती ओली होईपर्यंत. वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, की सळई किती खाली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी सळई खोचून बघा. सहज दोन फूट गेली तर पाणी पुरलं.