पायातली कळ कमरेकडे सरकू द्या

मी पोळीभाजी केंद्र चालवते. ऐन लग्नसराईत 20 किलो पिठाचा डबा वाकून, अंगाला पीळ देत उचलला आणि डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ गेली. एमआरआयमध्ये एल4-एल5ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. शिंक आली तरी पोटरीत करंट बसायचा.

"महिनाभर पडून राहा," असं सगळे सांगतील. ऐकू नका. एक-दोन दिवस आराम पुरे. नंतर घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं का होईना, चाला.

गोळ्या कशासाठी, हे मला उशिरा कळलं. कळ इतपत कमी व्हावी की व्यायाम करता येईल, यासाठी. सूज-दुखीची गोळी जेवणानंतरच घ्या. बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मेडिकलमधून दुसरी पेनकिलर आणून त्यात भर घालू नका. मला रात्री प्रीगॅबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी होती, सकाळी उठल्यावर गरगरायचं. अशी गोळी चालू असताना झापड येत असेल तर गाडी चालवू नका आणि ती मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

आता खरं काम. फिजिओ मॅडमनी मला सतरंजीवर पालथं झोपवलं. आधी दोन मिनिटं नुसतं पडायचं, मग कोपरांवर छाती उचलायची. चार दिवसांनी तळहात टेकून वर, ओटीपोट मात्र जमिनीलाच. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. पहिल्या आठवड्यात कंबर जास्तच दुखायला लागली, मी घाबरले. मॅडमनी विचारलं, "पोटरीत दुखतंय का?" नव्हतं दुखत! कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत आली होती. असं वर सरकणं चांगलं लक्षण असतं. उलट कळ खाली उतरायला लागली तर तो व्यायाम तिथेच थांबवा आणि फिजिओंना सांगा. सगळ्यांना हाच व्यायाम चालतो असं नाही, म्हणून मोबाईलवर बघून करू नका. मणका बसवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती तर कंबर देऊच नका.

बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो, गादीचा बाहेर आलेला भागही पुष्कळदा आपोआप आक्रसतो. पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिना, बसायच्या जागी बधिरपणा आला, नाहीतर पाऊल उचलेनासं झालं, तर रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा. ही सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नाही.

मी जमिनीवर बसून पोळ्या लाटणं सोडलं, ओटा उंच करून घेतला. वाकायचं ते गुडघ्यातून, वजन पोटाशी धरून. पीठ आता पाच-पाच किलोच्या डब्यांत भरते आणि डबे कमरेच्या उंचीवरच्या फळीवर ठेवते.