जुनी बाइक घेताना रनिंग (गाडी किती किलोमीटर चालली) खरं आहे का, हे तपासायची यादी

मीटर चालतंय का, ते बघा. काटा नव्हे, आकडे. काट्याच्या मीटरला केबल एकच असते, पण आत वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे वेगवेगळे चालतात. आकड्यांचं गिअर झिजलं की काटा साठ दाखवतो आणि आकडे वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतात. मीटर मागे फिरवायचे कष्टही कुणाला घ्यावे लागत नाहीत. मागच्या वेळी जुनी गाडी घेताना मी टायर, चेन, सीट सगळं पाहिलं आणि नेमकं हेच राहिलं.

बघायला जाण्याआधी गाडीचा नंबर मागून घ्या. एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख आणि कितवा मालक आहे ते कळेल, किलोमीटर कळणार नाहीत. मग साधा हिशेब करा. कामावर जाऊन-येऊन रोज २५ किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे साडेसात हजार. २०१७ ची गाडी आणि रनिंग १८ हजार? असू शकतं, पण मालकाकडे कारण हवं. ‘घरचीच गाडी आहे, फार फिरली नाही’ हे कारण नव्हे, ते सगळेच सांगतात. मालक तयार असेल तर त्यालाच सर्व्हिस सेंटरला फोन लावायला सांगा. प्रत्येक जॉब कार्डावर, म्हणजे सर्व्हिसच्या कामाच्या नोंदीवर, त्या दिवशीचं रीडिंग लिहिलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी ३१ हजार आणि आज मीटरवर २२ असेल, तर जायचे कष्टही घेऊ नका. सर्व्हिस बुकातले सगळे शिक्के एकाच बैठकीत मारल्यासारखे दिसले तरी तेच. जुन्या गाडीचं मीटर पाच आकडी असेल तर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतं, हेही डोक्यात असू द्या.

गाडी दिवसाउजेडी बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. गाडी २०१७ ची आणि दोन्ही टायर २०२१ चे, तर पहिले कुठे गेले ते विचारा. १२ हजार चाललेल्या गाडीचे टायर सहसा बदलावे लागत नाहीत. मागच्या स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे) दाते टोकदार होऊन एका बाजूला कलले असतील तर ती गाडी भरपूर पळालेली आहे. चेन किट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) कोरं असेल तर बिल मागा. ब्रेकच्या डिस्कच्या कडेला नख लावून पाहा, उंचवटा जाणवला तर तेवढी झीज झालेली. गिअर लिव्हर आणि फुटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय का, तेही बघा. जुन्या गाडीला तेवढंच नवं रबर दिसलं तर मला जास्त संशय येतो. मीटरच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर ‘मीटर बदललंय का?’ असं सरळ विचारा. बदललेलं मीटर म्हणजे लबाडीच असं नाही, पण जुनं रीडिंग लिहिलेलं बिल हवं.

आता फेरी. गल्लीच्या टोकापर्यंत नाही, निदान दोन किलोमीटर. निघताना मीटरचा फोटो काढा, आल्यावर पुन्हा काढा, आणि मधलं अंतर फोनच्या नकाशावर ताडून पाहा. मालक मागे बसून गप्पा मारेल, मारू दे. थांबाल तिथे मीटर बघा. शेवटचा छोटा आकडा शंभर मीटरला एक घर सरकतो. नाही सरकला तर पुढे काहीही बघू नका. डिजिटल मीटर असेल तर ट्रिप शून्य करून निघा, आणि ट्रिपसोबत एकूण आकडाही वाढतो का तेही बघा. आकडे, आकडे, आकडे. इंजिनचा आवाज मेकॅनिक ऐकेल, त्याला बरोबर न्याच.

कागद नेहमीचेच: आरसी, विमा, पीयूसी, थकलेली ई-चलानं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज होतं तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. दोन्ही किल्ल्या घ्या.