बाल्कनीत पक्षी यावेत, नुसती कबुतरं नव्हेत

पुणे, ठाणे किंवा नाशिकच्या उपनगरात कठड्यावर मूठभर ज्वारी टाकली की सगळ्यात आधी कबुतरं येतात. एकदा त्यांनी जागा हेरली की दुसऱ्या कुणाला टेकू देत नाहीत. मुळात सोसायटीतले निम्मेअधिक पक्षी दाणे खातच नाहीत. दयाळ, शिंपी, वटवट्या किड्यांवर जगतात. शिंजिराला फुलांतला मध आणि कोळी लागतात, तांबटाला फळं, बुलबुलाला फळं आणि किडे. दाणे टिपतात त्या चिमण्या, मुनिया, होले आणि पोपट. पाण्याला मात्र यातले बहुतेक सगळे येतात, म्हणून सुरुवात पाण्यापासून करा.

मातीची पसरट थाळी घ्या, 30 ते 40 सेंमी रुंद. पाणी कडेला 2 सेंमी आणि मध्ये फार तर 5 सेंमी. त्याहून खोल भांड्यात चिमणी अंघोळीला उतरत नाही. गुळगुळीत प्लास्टिकवर पाय घसरतात, तेव्हा तसंच भांडं असेल तर तळाशी खडबडीत दगड ठेवा. थाळी सावलीत हवी. खाली अंगणात ठेवणार असाल तर झुडपापासून दोनेक मीटर लांब ठेवा. शिक्रा हा शिकारी पक्षी आला तर पक्ष्यांना झुडूप गाठता येतं आणि मांजराला दबा धरून झेप घेता येत नाही.

पाणी रोज बदला आणि थाळी काथ्याने घासा. नुसतं ओतून देणं पुरेसं नाही. डेंगी पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला अंडी चिकटवते. ती सुकली तरी मरत नाहीत, पुन्हा पाणी भरलं की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतात.

थाळीवर थोडा वेळ नजर ठेवा. बुलबुल चोच बुडवतो, मग मान वर करून घोट गिळतो. होला आणि कबुतर चोच पाण्यातच ठेवून सलग ओढत पितात. शिंजीर थाळीकडे फारसा फिरकत नाही, त्याला ओल्या पानांवर अंग घासायला आवडतं. सकाळी जास्वंदीच्या पानांवर बारीक फवारा मारून पाहा.

दाणे द्यायचेच असतील तर बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी, दिवसाला दोन मोठे चमचे, सकाळी. तासाभरात संपतील एवढेच ठेवा. उरलेले झाडून काढा, नाहीतर रात्री उंदीर येतात. पावसाळ्यात भिजलेल्या दाण्यांवर एका दिवसात बुरशी धरते, तेव्हा ते दिवस सोडूनच द्या. फरसाण, खारे शेंगदाणे, बिस्किटं, ब्रेड अजिबात नको. मीठ त्यांना सोसत नाही आणि मैद्याने नुसतं पोट भरतं.

कबुतरं टाळायला दीड इंची चौकटीच्या वेल्डेड जाळीचा पिंजरा करा. दाण्याची वाटी सर्व बाजूंनी जाळीपासून किमान 15 सेंमी आत हवी, कारण कबुतराची मान त्या चौकटीतून आत जाते. चिमणी आणि मुनिया सहज आत-बाहेर करतात. होले बाहेर राहतात, ते खाली सांडलेलं टिपतात. शेजाऱ्यांशी वाद टाळायलाही हे बरं. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो, आणि 2025 मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले ते याच कारणाने.

पिकलेली पपई, केळं किंवा पेरूची फोड तारेत अडकवून टांगा, बुलबुल आणि कोकीळ येतील. दुपारपर्यंत काढून टाका, मुंग्या लागतात आणि फळ आंबतं. साखरेचं पाणी ठेवू नका, त्याऐवजी हॅमेलियाचं एक झुडूप लावा. शिंजीर दिवसभर येत राहील.

कीटकनाशक फवारणीबद्दल मात्र सोसायटीत आवर्जून बोला. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस ती अळ्या आणि किडेच भरवते. किडे नसतील तर तुमच्या बाजरीने पिल्लं वाढणार नाहीत.

चिमणीच्या घरट्यासाठी लावायच्या खोक्याला 32 मिमीचं गोल भोक पाडा, त्यातून साळुंकी शिरत नाही. तळ 15 बाय 15 सेंमी, भोक तळापासून 12 ते 15 सेंमी वर, तळाला पाणी निथळायला चार बारीक छिद्रं. बाहेर बसायला काडी लावू नका, तिचा फायदा कावळ्यालाच होतो. खोका उत्तरेला किंवा पूर्वेला तोंड करून लावा, म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊस आणि दुपारचं ऊन आत येत नाही.

बुलबुलाने कुंडीत घरटं केलं तर ती कुंडी हलवू नका. अंडी उबवायला साधारण बारा-चौदा दिवस, मग पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. तोवर झाडाला पाणी बुंध्याशी, हळू घाला. पिसं फुटलेलं पिल्लू खाली उड्या मारताना दिसलं तर उचलून घरात आणू नका. आई-बाप जवळच असतात. मांजराचा धोका असेल तर पिल्लाला जवळच्या झुडपात उंचावर ठेवून लांब व्हा.