पेंटबॉलला निघण्याआधी: फडकी दोन

मास्क, मार्कर (रंगाच्या गोळ्या झाडायची बंदूक), बूट, पाणी, सुके कपडे हे तुम्ही घेणारच, त्यावर वेळ घालवत नाही. मास्कची लेन्स, म्हणजे डोळ्यांपुढचा पारदर्शक पडदा, पुसायला मायक्रोफायबरची फडकी मात्र दोन घ्या. गेल्या जुलैत लोणावळ्याला मी एकच नेलं होतं, आणि दुसऱ्या गेमपासून समोर बंकर (लपायचा आडोसा) आहे की म्हैस तेही कळेना.

झालं असं, की पहिल्याच गेममध्ये एक गोळी थेट मास्कवर फुटली. बाहेर येऊन मी पेंट पुसला, फडकं झटकलं आणि त्याच फडक्याने लेन्सच्या आतला दमट धुरकटपणाही चांगला रगडून काढला. फडक्यात तोवर मैदानातली लाल माती बसली होती. लेन्सवर बारीक चरे पडले, आतला अँटी-फॉग थर गेला तो गेलाच. नवी लेन्स घेतली तेव्हा कळलं की त्या पैशांत फडक्यांचा अख्खा गठ्ठा आला असता.

तो आतला थर काय करतो, तर वाफेचे थेंब जमू देत नाही, पाणी पातळ पसरवतो, म्हणून आरपार दिसतं. पण ओला झाला की तोच थर मऊ पडतो, आणि आपला हात फडक्याकडे जातो तो नेमका तेव्हाच. म्हणून आतून पुसायचं नाही, टिपायचं. शाईवर टीपकागद ठेवतात तसं. तेही दुसऱ्या फडक्याने, ज्याने बाहेरचा पेंट कधीच पुसलेला नाही. वेळ असेल तर टिपूसुद्धा नका, सावलीत वाऱ्यावर आपोआप वाळू द्या.

मास्क आदल्या रात्री उघडून बघा. लेन्स फ्रेममधून काढायचा आणि बसवायचा सराव घरी दिव्याखाली करा. मैदानात चिखलाच्या हातांनी खटके उघडायला गेलात तर एखादा तुटणार. लेन्स थर्मल असेल तर तिच्यात दोन पापुद्रे असतात, कडेने फोमची पट्टी आणि मधे कोंडलेली हवा. या हवेमुळे आतला पापुद्रा बाहेरच्या गारठ्याने तितका थंड पडत नाही, म्हणून त्यावर सहजासहजी वाफ धरत नाही. अशी लेन्स नळाखाली धरायची नाही, बादलीत बुडवायची तर नाहीच नाही. आमच्यातल्या एकाने ती ताटवाटीबरोबर सिंकमध्ये घासली. फोमने पाणी प्यायलं, पाणी मधे शिरलं, आणि तिथे ना बोट पोहोचतं ना फडकं. त्याच्याकडे फडकी दोन होती, हे इथे सांगायला हवं. पण अक्कल घरी राहिली होती.

बाहेरची बाजू सोपी. फवाऱ्याच्या लहान बाटलीत साधं पाणी भरा, फिल्टरचं असलं तर बरं, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. गोळीचं कवच जिलेटिनचं आणि आतला रंग पॉलिइथिलिन ग्लायकॉलचा. दोन्ही पाण्यात विरघळतात, साबण लागतच नाही. फवारा पहिल्या फडक्यावर मारा म्हणजे पाणी कडेच्या फोमकडे ओघळणार नाही. ओलं फडकं क्षणभर पेंटवर ठेवा, मग अलगद ओढा. पहिलं फडकं, बाहेरचं! दुसरं खिशातच राहू द्या, शक्यतो झिपच्या पिशवीत.

काच पुसायचा स्प्रे, सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर यांतलं काहीही लेन्सजवळ आणू नका. थर निघतो, काही रसायनांनी लेन्सच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिकार्बोनेटला, बारीक तडेही जातात. टिश्यू नको, टी-शर्टचं टोक नको, आणि चऱ्यांवर टूथपेस्ट लावा म्हणणाऱ्या मित्राचा सल्ला तर अजिबात नको. डास फार असतात म्हणून डीट असलेलं मलम लावत असाल तर हात धुऊन मगच मास्कला हात लावा, डीट प्लास्टिक खातं.

तडा दिसला की लेन्स कचऱ्यात, फार जवळून दणका बसला असेल तरीही. गोळी सेकंदाला 300 फुटांपर्यंतच्या वेगाने येते, म्हणजे ताशी 300 किलोमीटरच्याही वर. आणि वाफ धरली म्हणून मैदानात मास्क वर करायचा नाही. मी त्या दिवशी हनुवटीपर्यंत उचलला होता, मार्शलने (मैदानातल्या पंचाने) जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दिसत नसेल तर हात वर करा, बाद व्हा, मास्क तोंडावर ठेवूनच बाहेर या. गेम हरलात तर हरलात.

चष्मेवाल्यांनो, तुमचा चष्मा वेगळी वाफ धरतो, तो आधी बघा. जादा लेन्स असली तर घ्या.

परतताना मास्क गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात नको. पेंट वाळायच्या आत पुसा. बॅगेत ओला कोंबू नका. घरी आलं की फडकी धुवा, कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव न घालता, आणि वेगवेगळी वाळवा. आतल्या फडक्याच्या कोपऱ्याला मी आता लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवलीय.