क्रूझवर केबिन निवडताना: आधी जागा, मग प्रकार

क्रूझचं बुकिंग करायला बसलं की पहिला प्रश्न हाच पडतो: इनसाइड (बिनखिडकीची) घ्यावी, खिडकीची घ्यावी की बाल्कनीची? खर्चाच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. पण रात्रीची झोप आणि पोटातली ढवळाढवळ ठरते ती खोली जहाजावर नेमकी कुठे आहे यावरून. नाइटक्लबच्या बरोबर वर असलेल्या बाल्कनीपेक्षा मध्यभागी, शांत ठिकाणी असलेली बिनखिडकीची खोली केव्हाही बरी. म्हणून आधी जागा बघायची आणि त्या जागेत बजेटला परवडेल तो प्रकार घ्यायचा.

डेक प्लॅन वाचायचा कसा

डेक प्लॅन म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा. तो कंपनीच्या साइटवर मिळतो. आपल्याच जहाजाचा आणि आपल्या तारखेला लागू असलेलाच प्लॅन उघडा. एकाच मालिकेतल्या दोन जहाजांच्या रचनेतही फरक असतात, आणि डागडुजीनंतर एखाद्या लाउंजच्या जागी नव्या केबिन आलेल्या असतात.

केबिनच्या क्रमांकातले पहिले एक-दोन आकडे बहुतेक मोठ्या जहाजांवर डेकचे असतात. समजा खोली 8224 आहे, म्हणजे आठव्या डेकवर. आता सातव्या आणि नवव्या डेकवर नेमकी तीच जागा शोधायची. इथेच बरेच जण चुकतात, कारण तिन्ही नकाशे वेगवेगळ्या पानांवर असतात आणि अंदाज दहा-वीस मीटरने सहज हुकतो. सोपी युक्ती अशी की लिफ्ट आणि जिने सगळ्या डेकवर एकाच जागी असतात. आठव्या डेकवर आपली खोली लिफ्टपासून कितवी आहे ते मोजा आणि वरच्या-खालच्या डेकवर लिफ्टपासून तेवढंच अंतर चाला. बऱ्याच जहाजांवर डेक 12 नंतर थेट 14 असतो, तेरावा नसतोच. तेव्हा ‘वरचा डेक’ शोधताना गोंधळू नका.

वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच दिसल्या तर जागा चांगली. पुढच्या गोष्टी दिसल्या तर थांबून विचार करा.

वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटेच त्रास सुरू होतो. कर्मचारी डेक धुतात, मग आरामखुर्च्या ओढून रांगेत लावतात. खुर्चीचे पाय डेकवर घासल्याचा आवाज छतातून थेट खोलीत उतरतो. पूलच्या लगेच खालचा डेक बऱ्याचदा महागड्या केबिनचा असतो, आणि जास्त पैसे देऊन लोक तिथेच फसतात. वर धावण्याचा ट्रॅक किंवा जिम असेल तर पावलांचे आणि वजनं टेकवल्याचे ठोके ऐकू येतात. खाली थिएटर असेल तर रात्रीचा शो संपेपर्यंतच आवाज असतो, पण नाइटक्लब किंवा बार असेल तर मध्यरात्र उलटून गेली तरी बासचा धडधडाट गादीपर्यंत पोहोचतो.

नकाशावरच्या कोऱ्या, नाव नसलेल्या जागांकडे विशेष लक्ष द्या. त्या रिकाम्या नसतात. तिथे स्वयंपाकघर, सामानाची लिफ्ट, सफाईच्या गाड्यांची खोली किंवा यंत्रसामग्री असते. भिंतीपलीकडे असा कोरा चौकोन असेल तर शक्यतो पुढची खोली बघा.

दोन केबिनच्या मध्ये बाण किंवा छोटा त्रिकोण दिसला तर तो जोडदरवाजा. कुटुंबाने दोन्ही खोल्या घेतल्या तर उत्तम सोय, पण पलीकडे अनोळखी लोक असले तर त्यांचा टीव्ही आणि बोलणं त्या दरवाजातून ऐकू येतं. चिन्हांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे प्लॅनसोबत दिलेली चिन्हांची सूची वाचल्याशिवाय क्रमांक पक्का करू नका.

लिफ्टच्या अगदी दारातली खोली नको, पण फार लांबचीही नको. मोठी जहाजं 300 मीटरहून लांब असतात, ‘आयकॉन ऑफ द सीज’ तर 365 मीटर आहे. जेवण, पूल, किनारा असं दिवसातून सहा-सात वेळा ये-जा होते. लिफ्टपासून सहा ते दहा दरवाजे पलीकडे, मुख्य कॉरिडॉरमध्ये, हे अंतर सोयीचं.

बोट लागणाऱ्यांसाठी

जहाज दोन तऱ्हांनी हलतं. एक म्हणजे पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली जातं, सी-सॉसारखं. दुसरं म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना झुकणं. सी-सॉच्या टोकावर बसलेल्याला झोका मोठा बसतो आणि मधल्याला जवळजवळ जाणवत नाही. 300 मीटरचं जहाज फक्त एक अंश वर झालं तरी टोकाची केबिन सुमारे अडीच मीटर उचलली जाते आणि मग तेवढीच खाली जाते. मध्यापासून 30 मीटरवरच्या केबिनला हाच झोका अर्ध्या मीटरचा असतो. बाजूला झुकण्याचं गणित उंचीवर चालतं: जितकं वर, तितकं जास्त झुलणं.

जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात. ते बाजूचं झुकणं बरंच कमी करतात, पण पुढे-मागे होणाऱ्या झोक्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच ‘स्टॅबिलायझर आहेत, कुठलीही खोली चालेल’ हा सल्ला ऐकू नका. ज्यांना गाडी किंवा बोट लागते त्यांनी मध्यभाग सोडू नये आणि जमेल तितकं खाली राहावं.

इथे एक पेच आहे. सर्वात खालच्या बाल्कनी डेकच्या खाली बऱ्याचदा थिएटर, कॅसिनो, दुकानं असे सार्वजनिक डेक असतात, शिवाय तिथून समोर लाइफबोटींची छपरं दिसतात. सलग पाच-सहा केबिन डेक असतील तर खालून दुसरा किंवा तिसरा, मध्यभागी, ही जागा झोके, आवाज आणि दृश्य या तिन्हींचा मेळ घालते. आम्ही कुठल्याही नव्या जहाजाच्या प्लॅनवर आधी तिथेच बघतो.

बोट लागणाऱ्याला बिनखिडकीची खोली त्रासाची ठरू शकते. कान सांगतात आपण हलतोय आणि डोळे सांगतात खोली स्थिर आहे, त्यातून मळमळ वाढते. क्षितिज दिसलं की आराम पडतो. बजेट कमी असेल तर मध्यभागाची, खालच्या डेकची खिडकीवाली केबिन घ्या. अगदी खालच्या डेकवर गोल खिडकी असते, आणि समुद्र फार खवळला तर तिच्यावर पोलादी झाकण लावून बंद करतात. क्षितिजासाठीच खिडकी घेणार असाल तर एखादा डेक वरची, मोठी चौकोनी खिडकी बघा.

पुढचं टोक, मागचं टोक

पुढच्या टोकाच्या खालच्या डेकवर लाटांचे दणके बसतात. बंदराला लागताना जहाज बाजूला सरकवण्यासाठी पुढे पाण्याखाली आडवे प्रोपेलर चालतात. जहाज बहुधा सकाळी लवकर बंदरात शिरतं, त्यामुळे त्यांची घरघर हाच तिथला गजर. जिथे धक्का नाही, जहाज नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं, तिथे नांगराच्या साखळीचा खडखडाट वेगळा. लवकर उठणाऱ्याला काही वाटणार नाही, पण दहापर्यंत लोळायचं असेल तर ही जागा नको.

पुढे तोंड असलेल्या केबिनमधून दिसणारं दृश्य फार सुंदर असतं, तरी दोन अटी लक्षात घ्या. जहाज चालतं तेव्हा समोरून वारा एवढा येतो की बाल्कनीत बसणं अवघड होतं, आणि वादळी हवेत ती बंदही ठेवावी लागते. शिवाय रात्री पडदे ओढून ठेवायला सांगतात, कारण खोलीतला उजेड ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, समोरचं बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो.

मागच्या टोकाला, विशेषतः खालच्या डेकवर, प्रोपेलरचा थरथराट जाणवतो. जेवणाची मोठी दालनंही बऱ्याच जहाजांवर मागेच असतात. पण वरच्या डेकवरची, मागे तोंड असलेली बाल्कनी म्हणजे जाणकारांची आवडती खोली. जहाजाचाच आडोसा असल्याने समोरचा वारा लागत नाही, बाल्कनी बहुधा मोठी असते आणि जहाजामागे पसरत जाणारी पांढरी फेसाळ वाट तासन्‌तास बघत बसावी अशी असते. तोटे: लिफ्टपर्यंत चालणं, कधीमधी चिमणीची काजळी, आणि बाल्कन्या पायऱ्यांसारख्या उतरत असतील तर वरच्यांना तुम्ही दिसता. अशा खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर जातात.

आता प्रकार

इनसाइड केबिन बऱ्याच मोठ्या जहाजांवर 150 ते 185 चौरस फुटांची असते. मिट्ट काळोख असतो. गाढ झोप लागते, पण सकाळ झालेली कळत नाही. रोज नवं बंदर असेल आणि खोलीत फक्त झोपायला यायचं असेल तर वाचलेले पैसे किनाऱ्यावरच्या सहलींना उपयोगी पडतात.

खिडकीची केबिन घेताना बाहेर काय आहे ते विचारा. प्रॉमनाड डेकवर खिडकीसमोरून लोक फिरत असतात. दिवसा त्यांना आतलं दिसू नये अशी काच बऱ्याचदा असते, पण रात्री आत दिवा लावला की आतलं बाहेर दिसतं. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणजे समोर अडथळा, बहुधा लाइफबोट. अडथळा थोडा असेल तर ही केबिन स्वस्तात मस्त: उजेड येतो, दिवस-रात्र कळते. पूर्ण बोटच समोर असेल तर मात्र घेऊ नका. तुमच्या बाजूची बोट प्रवासी उतरवण्यासाठी वापरत असतील तर ती खाली सोडताना आवाजही होतो.

काही जहाजांवर खिडकी किंवा बाल्कनी समुद्राकडे नसून जहाजाच्या आतल्या चौकाकडे उघडते. नावात ‘प्रॉमनाड व्ह्यू’ किंवा ‘सेंट्रल पार्क’ असं काही असेल तर समुद्र दिसणार नाही.

बाल्कनी घेण्यासारखी तेव्हा, जेव्हा समुद्रात पूर्ण दिवस जास्त आहेत किंवा नॉर्वेच्या फ्योर्डसारखं (डोंगरांमधल्या अरुंद खाडीसारखं) दृश्य जहाजावरूनच बघायचं आहे. बाल्कनी साधारण 35 ते 55 चौरस फूट असते, म्हणजे दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल. जाहिरातीतल्या क्षेत्रफळात कधी कधी बाल्कनीही धरलेली असते, आतली जागा वेगळी विचारा. पूल डेकच्या लगेच खालच्या बाल्कनीवर वरच्या डेकचा पुढे आलेला भाग छत धरतो: सावली मिळते, आकाश कमी दिसतं. कठड्याला काच आहे की पत्रा तेही बघा; पत्रा असेल तर खुर्चीत बसल्यावर समोर पत्राच.

बऱ्याच जहाजांवर एकाआड एक खोलीत पलंग बाल्कनीजवळ आणि पुढच्या खोलीत बाथरूमजवळ असतो. जोडीदार झोपलेला असताना पहाटे बाल्कनीत बसणाऱ्यांना दुसरी मांडणी सोयीची, सोफा बाल्कनीच्या बाजूला येतो.

स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या, आलिशान केबिनमध्ये, खोलीइतकेच पैसे सोयींचे असतात: वेगळं रेस्टॉरंट, रांगेत प्राधान्य. त्या वापरणार नसाल तर त्याच पैशात दोन वेळा बाल्कनीचा प्रवास होतो का ते आधी बघा.

डावी बाजू की उजवी

जाऊन-येऊन त्याच बंदरात परतणाऱ्या सफरीत फारसा फरक पडत नाही. एकेरी प्रवासात पडतो. व्हँकुव्हरहून अलास्काकडे उत्तरेला जाताना किनारा मुख्यतः उजवीकडे असतो, परतीच्या दिशेने डावीकडे. ग्लेशियरपाशी मात्र जहाज सावकाश वळतं आणि दोन्ही बाजूंना दाखवतं. उत्तर गोलार्धात पश्चिमेकडे जाताना डाव्या बाजूला दक्षिणेचं ऊन मिळतं. धक्का कोणत्या बाजूला येईल याचा विचार सोडून द्या, तो बंदरागणिक बदलतो.

कुटुंब, आणि स्वस्त भाड्याची अट

चौघांची केबिन म्हणजे बहुतेक वेळा खालचा मोठा पलंग आणि भिंतीतून किंवा छतातून उघडणारे दोन बर्थ. रात्री ते उघडले की चालायला जागा उरत नाही. मुलं मोठी असतील तर आई-वडिलांना बाल्कनी आणि मुलांना कॉरिडॉरच्या पलीकडची इनसाइड, ही जोडी एका कोंबलेल्या खोलीपेक्षा अनेकदा फार महाग पडत नाही. मात्र प्रत्येक खोलीत एक सज्ञान व्यक्ती हवी असा नियम बहुधा असतो, तो कंपनीकडून तपासा. तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीचं बुकिंग लवकर करा: खोलीत बर्थ रिकामा असला तरी त्या भागाच्या लाइफबोटीतल्या जागा भरल्या की कंपनी माणूस वाढवू देत नाही.

‘गॅरंटी’ भाडं स्वस्त असतं, कारण त्यात तुम्ही फक्त प्रकार निवडता आणि खोली कंपनी देते. मिळालेली खोली बदलून मिळेल असं धरू नका. झोप सावध असेल किंवा बोट लागत असेल तर हे भाडं घेऊ नका. शांत जागेची इनसाइड मुद्दाम निवडली असेल तर बुकिंगमध्ये ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करायला सांगा, नाहीतर मोफत मिळालेली बाल्कनी पूल डेकखाली निघू शकते.

क्रमांक हातात आला की अंतिम रक्कम भरण्याआधी वरच्या-खालच्या डेकची तपासणी पुन्हा एकदा करा. तोपर्यंत मोकळी असलेली दुसरी खोली बहुधा बदलून मिळते. जहाजावर चढल्यावर खरंच त्रासदायक आवाज लागला तर पहिल्याच रात्रीनंतर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा, आवाज किती वाजता आणि कोणत्या बाजूने येतो ते सांगा. आलेच नाहीत अशा प्रवाशांच्या खोल्या मोकळ्या झाल्या असतील तर त्या सुरुवातीच्या एक-दोन दिवसांतच वाटल्या जातात.