‘घरी इचारून सांगतो’: घर विकताना या चुका टाळा

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर या पट्ट्यात गेली बावीस वर्षं मी घरांचे सौदे जमवतो. लोक दलाल म्हणतात, म्हणोत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट काही बदलली नाही. गिऱ्हाईक घर पाहून गेलं की मी घरमालकाला फोन करतो, ‘काय म्हणाले?’ आणि उत्तर येतं, ‘घर आवडलं म्हणे. घरी इचारून सांगतो म्हणे.’ संपलं. तो माणूस दीड तास घरात होता, न्हाणीत डोकावला, माडीवर जाऊन आला, बायकोशी दोनदा खुसफुसला, आणि मालकाच्या पदरात पडलं काय, तर हे एक वाक्य.

आपल्याकडे तोंडावर कोणी नाव ठेवत नाही. चहा पितात, ‘मस्त हाये भाऊ घर’ म्हणतात, गाडीला किक मारतात आणि खरं मत पानठेल्यावर सांगतात. ते मत चार दिवसांनी कोणाच्या तरी साळ्यामार्फत, मीठमिरची लावून तुमच्यापर्यंत येतं. तोवर तुम्ही दुखावलेले असता नाहीतर किंमत पाडून बसलेले असता.

‘घर कसं वाटलं?’ असं विचारणं

हा प्रश्न म्हणजे ‘जेवण कसं झालं’सारखा. ‘चांगलं’ याशिवाय दुसरं उत्तर येतच नाही. मी विचारतो, ‘कूलर कोन्या खिडकीले लावसान?’ ‘गाडी कुठं ठेवसान?’ कास्तकार असेल तर, ‘कापूस कोन्या खोलीत भरसान?’ माणूस मनातल्या मनात त्या घरात राहायला गेलेला असेल तर उत्तर तयार असतं. नसेल तर तो अडखळतो, आणि तिथंच त्याची खरी अडचण बाहेर येते. ‘इतं कापूस भरला तं झोपाचं कुठं?’ हे वाक्य ‘घर लहान आहे’ या निरोपापेक्षा कितीतरी कामाचं आहे.

आणि ऐकलेलं लिहून ठेवा. माझी दोनशे पानी वही असते. तारीख, कोण कोण आलं, कुठं थबकलं, काय बोललं, त्यांच्याच शब्दांत. मोबाइलमध्ये लिहू नका, कोणी परत उघडून पाहत नाही. तीन वेगवेगळ्या घरच्या माणसांनी तीच गोष्ट काढली की मी मालकाला खर्च करायला सांगतो, त्याआधी नाही. तीनच का, तर सवय. पण एका माणसाच्या बोलण्यावरून संडासाची दिशा बदललेली, आणि दुसऱ्यानं ‘संडास इतं काहून बांधला?’ विचारल्यावर डोक्याला हात लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

भेग बुजवून गिऱ्हाईक बोलावणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दरवर्षी कोणी ना कोणी हेच करतो.

आपली जमीन काळी, त्यातून पूर्णेच्या काठची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेताला पडलेल्या भेगांत हात जातो, ते आपण लहानपणापासून पाहतो. घर त्याच मातीवर उभं असतं, हे मात्र विसरतो. जुन्या लोकांनी दोन-अडीच फुटांचा पाया घेऊन विटांच्या भिंती उचलल्या. मुरूम, म्हणजे पाया टेकवायचा खालचा घट्ट थर, इथं लवकर लागत नाही, म्हणून शोधायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. पावसाळ्यात ती मिटल्यासारखी होते आणि चैत्र-वैशाखात पुन्हा तोंड उघडते.

एका गावातलं घर होतं, स्लॅबचं, चार खोल्यांचं. पहिला माणूस पाहून गेला आणि मला म्हणाला, ‘घर झकास, पन मागच्या खोलीत भेग हाये बाप्पा, बोट जाते.’ मी मालकाला सांगितलं. त्यानं काय करावं? दसऱ्याला मिस्त्री बोलावला, भेगेत सिमेंट भरलं, वरून पुट्टी, वरून पिस्ता रंग. खोली नव्या नवरीसारखी दिसायला लागली. मी म्हटलं, ‘भाऊ, सांगून विका.’ तो म्हणाला, ‘तुम्ही तुमचं काम करा.’

दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की आपल्याकडे घरांचे सौदे हलतात. तसंच झालं. बाजूच्या गावचा एक कास्तकार आला, घर पसंत पडलं, इसारचिठ्ठी झाली, खरेदी अक्षय तृतीयेला ठरली. मार्चअखेर तो बायकोला आणि सासऱ्याला घर दाखवायला घेऊन आला. मी सोबत होतो. मागच्या खोलीचं दार उघडलं तर पिस्ता रंगाच्या मधोमध खिडकीपासून छतापर्यंत काळी रेघ. पुट्टीचे पोपडे खाली फरशीवर पडलेले. सासरा काही बोलला नाही. त्यानं खिशातून बसचं तिकीट काढलं, घडी करून भेगेत सरकवलं. पूर्ण आत गेलं. मग जावयाकडे पाहून म्हणाला, ‘चाला.’

इसार परत द्यावा लागला. तेवढ्यावर भागतं तर बरं. पुढच्या आठवडी बाजारात त्या तिकिटाची गोष्ट सगळीकडे झाली आणि वर्षभर त्या घराकडे एक माणूस फिरकला नाही. भेग होती म्हणून नव्हे, आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादी असतेच. ती लपवली, म्हणून. मग लोक विचारतात, अजून काय लपवलं असेल?

दुसऱ्या वर्षी मालक माझं ऐकायला तयार झाला. आम्ही घराभोवती चक्कर मारली. न्हाणीचं पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात मुरत होतं आणि भिंतीपासून हातभर अंतरावर निंबाचं झाड. एका बाजूची माती बारा महिने ओली, दुसऱ्या बाजूची झाडानं शोषून कोरडी केलेली. भिंत काय करेल बिचारी! न्हाणीचं पाणी पाइप टाकून लांब नेलं. घराभोवती तीन फूट फरशी केली, उतार बाहेर. झाडाच्या फांद्या छाटल्या, झाड ठेवलं. मग भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या सिमेंटनं आडव्या चिकटवल्या आणि भिंतीवर पेन्सिलनं तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकते. यात माझं डोकं काही नाही, बांधकामवाल्यांची जुनी रीत आहे. मे महिन्यात तीनपैकी एक काच तडकली, दोन शाबूत राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात एक गुरुजी आले. मालकानं त्यांना आधी मागची खोली दाखवली, तिन्ही काचा दाखवल्या, तडकलेलीही. गुरुजींनी बोट फिरवून पाहिलं, तारीख वाचली, साठ हजार कमी करून मागितले आणि घर घेतलं. रंगाचे, मिस्त्रीचे आणि वाया गेलेल्या वर्षाचे पैसे मोजले तर तो साठ हजारांचा सौदा स्वस्तातच पडला.

प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक रेघा असतील तर खुशाल रंग द्या. पण विटांतून आरपार, पायऱ्या-पायऱ्यांनी किंवा तिरपी गेलेली भेग असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, मग मला फोन करा.

मनाला लावून घेणं

इथं मीच आरोपी आहे, म्हणून सांगून टाकतो. आमचं स्वतःचं जुनं घर विकायला काढलं होतं. कवेलूचं, ओसरी, मागं कोठा. एक नवरा-बायको आले. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, उंबरठ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘इतं तं दिवसा अंधार हाये.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, ‘माझ्या मायनं चाळीस वर्षं इथंच भाकरी थापल्या, तिले काही अंधार लागला नाही.’ बाई गप्प झाल्या. नवऱ्यानं विषय बदलला, पाच मिनिटांत गेले. दुसऱ्यांच्या सौद्यात तोंडावर बर्फ ठेवून बसणारा मी.

रात्री वही उघडली. आधीच्या दोन पानांवर तेच होतं. एका बाईनं लिहवलेलं, ‘चूल जरा कोंदट’. दुसऱ्या घरची सून आत शिरलीच नव्हती, दारातून परतली होती. मी लिहिलं होतं, वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी छपरावर माणूस चढवला, चुलीच्या वरची दोन कवेलू काढली आणि काचेची दोन बसवली. सकाळी दहाला त्यातून उजेडाचे दोन चौकोन खाली ओट्यावर पडले. तेव्हा लक्षात आलं, आई कायम दुपारचं निवडणं-टिपणं ओसरीवर का घेऊन बसायची.

त्या बाईंना मी नंतर निरोप पाठवला. त्यांनी तोवर दुसरीकडे घर घेतलं होतं. तेव्हापासून माझा नेम आहे: घरात बाई आली की मी तिच्या मागं स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि तोंड बंद ठेवतो. पुरुष भाव करतात, पण ‘नाही’ बहुतेक वेळा चुलीपाशी ठरतं.

कागदाच्या प्रश्नाला ‘तीन पिढ्या राहतो’ हे उत्तर देणं

गिऱ्हाईक ‘कागद पाहू’ म्हणाला की लोकांना राग येतो, जणू चोरीचा आळ घेतला. तो आळ नाही, तो तुमच्या घराबद्दलचा सर्वांत कामाचा अभिप्राय आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरावर निव्वळ त्या उताऱ्यावर कर्ज द्यायला बँका कचरतात, म्हणून ‘घरी इचारून सांगतो’चा अर्थ पुष्कळदा ‘बँकेत इचारून सांगतो’ असतो. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोननं गावठाणांची मोजणी झाली. तुमच्या गावची झाली असेल तर मिळकत पत्रिका आणि सनद काढून ठेवा. झाली की नाही हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कळतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न बहिणींच्या सह्यांचा. ‘त्यायचं लग्न झालं, त्यायचा काय संबंध?’ असं गिऱ्हाइकासमोर बोलू नका. मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या मिळकतीत मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला आणि त्यासाठी २००५ ला बाप हयात असायला हवा असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीकडे आधी जा, साडी-चोळीच्या गप्पा नंतर. हिस्सा द्या नाहीतर तिच्या राजीखुशीनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. पण गिऱ्हाईक अंगणात उभं असताना तिला फोन लावू नका. हेही पाहिलं आहे.

‘महाग आहे’ ऐकताच भाव पाडणं

घरात पाऊल टाकायच्या आधीच जो महाग म्हणतो, त्याचं वहीतसुद्धा लिहीत नाही. सगळं पाहून, दुसऱ्यांदा येऊन, मग जो महाग म्हणतो त्याच्याशी बसा. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या मुलांची यात फार घाई. भाऊबीज ते परतीचं रिझर्व्हेशन एवढ्या आठ दिवसांत बापाचं घर विकायचं असतं. तिसऱ्या दिवशी पन्नास हजार उतरतात, पाचव्या दिवशी लाख. गाव हे सगळं पाहत असतं, अजून उतरू दे म्हणून थांबतं. घर हे आंब्याची पेटी नाही, सडायला.

‘रोख देतो, कमी करा’ हाही भावाचाच प्रकार. इसारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड आयकरवाले लावू शकतात.

पाण्याबद्दल खोटं बोलू नका. हा खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी खारट आहे हे येणाऱ्यालाही ठाऊक असतं. ‘प्यायला नळ, वापरायला बोअर’ असं सांगा आणि नळ किती दिवसांआड येतो तेही सांगा.

वास्तूवरून हुज्जत घालू नका. दक्षिणमुखी दार ज्याला नको, त्याला नको. दार फोडून दुसरीकडे काढण्याचा खर्च मी आजवर कोणाला वसूल होताना पाहिला नाही.

मे महिन्यात दुपारी दोनला टिनाचं घर दाखवू नका. लपवायचं म्हणून सांगत नाही, टिन तापतं हे सांगाच. पण पंचेचाळीस डिग्रीत माणूस दुसरं काही पाहतच नाही.

शेजाऱ्याशी भांडण असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी मिटवा. ते तुमच्याकडून निघून सरळ त्याच्याच ओट्यावर जातं.

शेवटची चूक इसार झाल्यावरची. चिठ्ठी लिहिली की दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कोणीतरी भेटतोच, ‘आमाले काहून नाही सांगतलं? आमी दोन लाख जास्त देल्ले असते.’ मालकाची झोप उडते, काही जण तर सौदा मोडायला माझ्याकडे येतात. मागच्या वर्षी असाच एक जण मालकाला घेऊन माझ्या दारात आला, हाच तो दोन लाख जास्तवाला. मी वही काढली, फेब्रुवारीचं पान उघडलं आणि त्याच्याच हातात दिलं. त्याच्या नावापुढं लिहिलं होतं: ‘वीस मिनिटं थांबले. चहा घेतला. टिन तापते म्हणाले. घरी इचारून सांगतो.’